रुजू होण्याच्या दिवशीच माजी सैनिकाला त्याचे हक्क लेखी द्या

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

शासकीय नोकरभरतीतील माजी सैनिकांच्या राखीव जागांविषयी आपल्या दैनिकात नुकतेच आलेले वृत्त आणि त्यावर वाचकांनी लिहिलेली पत्रे मी लक्षपूर्वक वाचली. या साऱ्या चर्चेचा रोख जागांच्या टक्केवारीवर होता. राज्यात गट क आणि गट ड मध्ये १५ टक्के, केंद्रात गट क मध्ये १० टक्के आणि पूर्वीच्या गट ड मध्ये २० टक्के ही आकडेवारी सर्वांना पाठ आहे, आणि त्या जागा पूर्ण भरल्या जात नाहीत ही तक्रारही जुनी आहे. परंतु ज्याला ती जागा मिळाली, तो रुजू झाल्यावर त्याच्या हक्कांचे काय होते, याबद्दल कोणी चार ओळीही लिहिलेल्या मला आढळल्या नाहीत. माझ्या आयुष्याची चाळीस वर्षे सैन्य आणि सरकारी कार्यालय या दोन्ही बाजूंना गेली आहेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते थोडे लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये मी १९८१ साली भरती झालो आणि १९ वर्षांच्या सेवेनंतर २००० साली हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. २००२ साली पुण्यातल्याच एका केंद्रीय कार्यालयात माजी सैनिकांच्या राखीव जागेवर कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि २०२२ साली वयाच्या साठाव्या वर्षी तेथून निवृत्त झालो. या नोकरीतली बरीच वर्षे मी कर्मचाऱ्यांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या आस्थापना शाखेत काढली, त्यामुळे माझ्यासारख्या अनेकांची सेवापुस्तके माझ्या हाताखालून गेली. खाली जे लिहितो आहे त्यातला काही भाग मी सोसलेला आहे आणि काही भाग त्या सेवापुस्तकांत वाचलेला आहे.

रुजू होण्याचा तो दिवस मला अजून आठवतो. सकाळी दहाच्या ठोक्याला मी आस्थापनेच्या टेबलापुढे उभा होतो. पिशवीत डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), दहावीचे प्रमाणपत्र, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातील नोंदणीचे ओळखपत्र असे सारे क्रमाने लावून आणले होते. टेबलावरच्या गृहस्थांनी पाच-सहा छापील अर्ज पुढे सरकवले आणि पेन्सिलने फुली मारलेल्या जागी सह्या करायला सांगितले. मी केल्या. पलटणीत एकोणीस वर्षे वरिष्ठाने दाखवलेल्या जागी सही करण्याची सवय झालेली. कागद वाचायला मागावा, हे मनातही आले नाही. त्या कागदांत काय होते आणि काय असायला हवे होते, हे मला समजले तेव्हा त्यातल्या काही गोष्टींची वेळ टळून गेली होती.

पहिली गोष्ट वेतननिश्चितीची. पुनर्नियुक्त, म्हणजे पेन्शन घेत असतानाच पुन्हा नोकरीला लागलेल्या, पेन्शनधारकांचा पगार कसा ठरवायचा, यासाठी केंद्र सरकारचे १९८६ चे आदेश आहेत. कमिशन्ड अधिकाऱ्याच्या खालच्या हुद्द्यावरून वयाच्या ५५ वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या सैनिकाची संपूर्ण पेन्शन वेतननिश्चितीत दुर्लक्षिली जाते आणि त्याचा पगार नव्या पदाच्या वेतनश्रेणीच्या किमान टप्प्यावर ठरतो. म्हणजे चाळीस वर्षांचा हवालदार आणि विशीतला नवा उमेदवार यांचा मूळ पगार सारखाच. माझ्या वेळी तो ३०५०-४५९० या श्रेणीचा पहिला टप्पा होता. अनेक माजी सैनिकांना यात अन्याय वाटतो, आणि लष्करातला शेवटचा पगार संरक्षित व्हावा अशी त्यांची मागणी असते. त्या मागणीत तथ्य आहे, असे माझेही मत आहे. पण या नियमाची दुसरी बाजूही आहे, आणि नेमकी तीच सैनिकाला कोणी सांगत नाही. पेन्शन पूर्णपणे दुर्लक्षून पगार किमान टप्प्यावर ठरवला असेल, तर त्या सैनिकाला नोकरीत असतानाही लष्करी पेन्शनवरची महागाई वाढ मिळत राहते. हा हक्क १८ जुलै १९९७ पासूनचा आहे. मात्र त्यासाठी बँकेला कार्यालयाचे प्रमाणपत्र लागते, आणि वेतननिश्चितीचा आदेश निघाल्याशिवाय ते प्रमाणपत्र निघत नाही.

माझ्या बाबतीत तो आदेश निघायला चौदा महिने लागले. पुनर्नियुक्ती झाल्याचे कळताच बँकेने महागाई वाढ थांबवली, आणि त्या काळात ही वाढ मूळ पेन्शनच्या जवळजवळ निम्मी होती. थोरला मुलगा तेव्हा दहावीत होता आणि भाड्याच्या खोलीचे डिपॉझिट नुकतेच भरले होते. बँकेत गेलो की ते कार्यालयाचे प्रमाणपत्र मागत, कार्यालयात विचारले की फाइल वेतननिश्चितीसाठी वर गेली आहे असे उत्तर मिळे, आणि वर विचारायचे तर नव्या लिपिकाने तिथपर्यंत जायचे कसे? अखेर थकबाकीसह सारी रक्कम मिळाली, त्यामुळे पैशांची तक्रार आता उरलेली नाही. तक्रार आहे ती अशी, की जो आदेश पाच वर्षांपासून लागू होता आणि ज्याची अंमलबजावणी एका पानाच्या दाखल्याने झाली असती, त्याची माहिती त्या टेबलावर कोणालाच नव्हती, मलाही नव्हती.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. केंद्रीय नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम १९७२ मध्ये नियम १९ होता. लष्करी सेवेनंतर नागरी सेवेत आलेल्या कर्मचाऱ्याला त्यात विकल्प दिलेला होता. एक तर लष्करी पेन्शन किंवा उपदान (ग्रॅच्युइटी) स्वतःकडे ठेवावे, मग ती सेवा नागरी पेन्शनसाठी धरली जाणार नाही. नाही तर लष्करी पेन्शन सोडावी, घेतलेले उपदान परत करावे आणि लष्करातली वर्षे नागरी सेवेत जोडून घ्यावीत. ज्याला लष्कराची पेन्शन मिळते आहे, त्याला बहुधा पहिला मार्गच फायद्याचा असतो, माझ्यासाठीही तोच योग्य होता. परंतु जे जवान पंधरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी, पेन्शनविना, थोड्याशा उपदानावर बाहेर पडले, त्यांच्यासाठी दुसरा मार्ग म्हणजे आयुष्यभराचा आधार होता.

असे एक गृहस्थ मी पाहिले आहेत. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी एकवीस वर्षांचे असताना ते सैन्यात गेले, नऊ वर्षांनी उपदान घेऊन परतले, १९७४ साली आमच्या कार्यालयात लागले आणि २००१ साली निवृत्त झाले. नागरी सेवा भरली सत्तावीस वर्षे. त्या काळी पूर्ण पेन्शनसाठी ३३ वर्षांची अर्हताकारी (पेन्शनसाठी धरली जाणारी) सेवा लागे, म्हणून त्यांची पेन्शन ३३ पैकी २७ या प्रमाणात कापली गेली. लष्करातली नऊ वर्षे जोडली असती तर ती छत्तीस होत होती, आणि पूर्ण पेन्शन मिळाली असती. निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षांनी ते चौकशीला आले, तेव्हा त्यांचे सेवापुस्तक मी रेकॉर्ड रूममधून काढले. पहिल्या पानाला त्यांचा डिस्चार्जचा दाखला टाचणीने लावलेला होता. टाचणी गंजून कागदावर तिचा तांबूस ठसा उमटला होता. म्हणजे लष्करी सेवेचा पुरावा सत्तावीस वर्षे त्याच पुस्तकात होता. विकल्पाची नोंद जिथे असायला हवी होती, ती जागा मात्र कोरी होती. ना त्यांना विचारल्याचे पत्र, ना त्यांचे उत्तर.

येथे वाचकांनी एक गोष्ट कृपया लक्षात घ्यावी. त्या नियमानेच नियुक्तीचा आदेश काढणाऱ्या प्राधिकाऱ्यावर दोन कर्तव्ये टाकली होती. आदेशासोबतच कर्मचाऱ्याला लेखी कळवून विकल्प मागायचा, आणि मुदतीत विकल्प न दिल्यास त्याने पहिलाच मार्ग पत्करला असे मानले जाईल, ही गोष्टही त्याच्या निदर्शनास आणून द्यायची. प्रत्यक्षात मौनाचा अर्थ लावण्याचे कलम तत्परतेने पाळले गेले, आणि विचारण्याचे कलम अनेक सेवापुस्तकांत पाळलेले दिसत नाही. ज्याला प्रश्नच विचारला नाही, त्याच्या मौनातून संमती काढणे कोणत्याही न्यायबुद्धीला पटणारे नाही. पुढे सहाव्या वेतन आयोगानंतर पूर्ण पेन्शनसाठीची ३३ वर्षांची अट निघाली हे खरे, परंतु त्याआधीची जी वर्षे कमी पेन्शनवर गेली ती गेलीच. हे गृहस्थ माझ्यासमोर बसून शांतपणे ऐकत होते. शेवटी त्यांनी एवढेच विचारले, "मग तेव्हा मला कोणी का नाही सांगितलं?" मी त्या शाखेचा लिपिक होतो आणि माझ्यापाशी उत्तर नव्हते.

तिसरी गोष्ट कुटुंबनिवृत्तिवेतनाची. लष्कराची पेन्शन घेत असतानाच नागरी नोकरी केलेल्या माणसाच्या पश्चात त्याच्या पत्नीला लष्कर आणि नागरी सेवा अशा दोन्ही फॅमिली पेन्शन पूर्वी मिळत नसत. नियमाने एकच निवडावी लागे. ही बंदी २४ सप्टेंबर २०१२ पासून उठली, आणि ज्यांचे पती त्याआधीच वारले त्या भगिनींनाही त्या तारखेपासून दुसरी फॅमिली पेन्शन देय झाली. आदेश स्पष्ट आहे, परंतु तो विधवेच्या घरापर्यंत आपोआप चालत जात नाही. माझ्या एका सहकाऱ्याचे, तेही सैन्यातले माजी नाईक, २००९ साली नोकरीत असतानाच हृदयविकाराने निधन झाले. त्यांच्या पत्नी नागरी फॅमिली पेन्शनवर देहूरोडला राहत होत्या. लष्कराचीही आपल्याला मिळू शकते, हे त्यांना २०१९ साली दवाखान्याच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या दुसऱ्या एका बाईंकडून कळले. सात वर्षे! त्यानंतर लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार, पतीच्या डिस्चार्ज बुकातील नाव आणि आधार कार्डावरील नाव यांतल्या एका अक्षराचा फरक, त्यासाठीचे प्रतिज्ञापत्र, हे सारे आम्ही दोघा-तिघांनी मिळून करून दिले आणि त्यांची थकबाकी मिळाली. ज्या कार्यालयात त्यांच्या पतीने शेवटपर्यंत काम केले, तेथून २०१३ मध्ये एक पोस्टकार्ड गेले असते, तरी हे सात वर्षांचे नुकसान टळले असते.

चौथी गोष्ट आज पुण्यात अभ्यास करीत असलेल्या तरुण माजी सैनिकांसाठी आहे. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये सकाळी सहाला जाऊन पाहावे. विशीतल्या मुलामुलींच्या ओळीत मधेच एखादा अडतीस-चाळीस वर्षांचा, बारीक केस कापलेला माणूस अंकगणिताचे पुस्तक उघडून बसलेला दिसतो. त्याची वयोमर्यादा कशी मोजायची, हे नियमाने ठरलेले आहे. केंद्रात प्रत्यक्ष वयातून लष्करी सेवेची वर्षे वजा करतात आणि उरलेले वय कमाल मर्यादेपेक्षा तीन वर्षांहून अधिक जास्त नसेल तर तो पात्र ठरतो. मी चाळिशीत लागलो तेव्हा हिशोबाने माझे वय एकवीस होते. असा उमेदवार एकाच वेळी पाच-सहा ठिकाणी अर्ज करतो आणि जी नोकरी आधी हाती येते ती, संसाराची गरज म्हणून, स्वीकारतो. नागरी नोकरीत एकदा कायम लागल्यावर माजी सैनिक म्हणून आरक्षणाचा लाभ संपतो, हा मूळ नियम. परंतु १४ ऑगस्ट २०१४ च्या केंद्रीय आदेशाने त्यात महत्त्वाची सवलत दिली आहे. पहिल्या नोकरीत रुजू होण्यापूर्वी ज्या जागांसाठी अर्ज केले होते, त्यांच्यासाठी हा लाभ कायम राहतो. अट एकच : रुजू होताच त्या सर्व अर्जांचा तारीखवार तपशील देणारे स्वयंघोषणापत्र नव्या कार्यालयाला द्यायचे.

"रुजू होताच" हे शब्द येथे निर्णायक आहेत. ते घोषणापत्र त्या वेळी दिले नाही, आणि सहा महिन्यांनी अधिक चांगल्या पदाचा निकाल लागला, तर कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर तो माणूस अडतो. निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी असा एक मुलगा पाहिला. मुलगा म्हणायचे ते माझ्या वयामुळे. त्याला दोन लेकरे होती. आमच्याकडे लिपिक म्हणून लागला, पुढे वरच्या पदाच्या परीक्षेत माजी सैनिकांच्या यादीत आला आणि पडताळणीत त्याला ते घोषणापत्र विचारले गेले. त्याने ते दिलेले नव्हते, कारण असे काही असते हे आमच्या कार्यालयाने त्याला सांगितले नव्हते. आस्थापना शाखेत त्या वेळी मीही होतो, रजेवर असलो तरी. ही चूक माझ्याही वाट्याची आहे, आणि तिचे शल्य मला आजही आहे.

या चारही गोष्टींत एक सूत्र आहे. वेतननिश्चिती, महागाई वाढीचा दाखला, विकल्प, स्वयंघोषणापत्र, कुटुंबाच्या नोंदी, यांपैकी प्रत्येक हक्काचे दार रुजू होण्याच्या दिवशी किंवा त्यानंतरच्या थोड्या मुदतीत उघडे असते. हक्क नाकारल्याचे पत्र कोणी देत नाही. दार केव्हा बंद झाले हेच कळत नाही. यात आस्थापना शाखेतले कर्मचारी दुष्ट असतात असे मी मुळीच म्हणणार नाही. आरक्षण आणि वेतननिश्चितीचे आदेश कार्मिक विभाग काढतो, नागरी पेन्शनचे निवृत्तिवेतन विभाग, लष्करी पेन्शनचे संरक्षण मंत्रालय. राज्य सरकारच्या कार्यालयात गेलात तर तेथे सामान्य प्रशासन आणि वित्त विभागांचे आणखी वेगळे. ज्या कार्यालयात पाच वर्षांतून एखादा माजी सैनिक रुजू होतो, तेथल्या लिपिकाने हे सर्व आदेश तोंडपाठ ठेवावेत ही अपेक्षा वाजवी नाही. म्हणूनच ते एका कागदावर उतरले पाहिजेत.

"तुम्हाला पेन्शन आहे, वर पगार आहे, आणखी काय हवे?" हे वाक्य मी चहाच्या वेळी वीस वर्षे ऐकले. बोलणारे सज्जन होते, म्हणून त्यांना येथे सरळ उत्तर देतो. लष्करी पेन्शन ही केलेल्या सेवेची कमाई आहे, ती नव्या पगारातून कापून घेण्याची गोष्ट नाही. आणि जवान पस्तिशी-चाळिशीत घरी येतो तो सैन्य तरुण ठेवले पाहिजे हे देशाचे धोरण आहे म्हणून. त्या वयात त्याच्या बरोबरीचा नागरी कर्मचारी पंधरा वर्षांची ज्येष्ठता घेऊन बढतीच्या वाटेवर असतो. सैनिक ज्येष्ठता यादीत सर्वांत खाली नव्याने नाव घालतो. त्याची ती वर्षे वाया गेली नव्हती. सियाचीनच्या वाटेवर पूल बांधण्यात, पूर आला की नावा घेऊन गावात शिरण्यात गेली होती.

या वर्षांचे मोल करता येत नाही असेही नाही. १९६२ च्या आणीबाणीत सैन्यात गेलेल्यांना नागरी सेवेत ज्येष्ठता, वेतनवाढ आणि पेन्शन यांसाठी लष्करी सेवेचा लाभ देणारे नियम पंजाबने १९६५ मध्ये केले होते. पुढे हरयाणा सरकारने दुरुस्ती करून तो लाभ मागील तारखेपासून काढून घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा १९८४ साली के. सी. अरोरा विरुद्ध हरयाणा राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, एकदा प्राप्त झालेला हक्क असा काढून घेता येणार नाही, असा निर्णय दिला. नोकरी सांभाळून लष्करी सेवा करणाऱ्या प्रादेशिक सेनेचे उदाहरण तर आपल्या दारातच आहे. मराठा लाइट इन्फंट्रीची १०१ वी प्रादेशिक सेना बटालियन पुण्यातच आहे. १९४८ च्या प्रादेशिक सेना कायद्यातील कलम ७-अ सांगते, की नोकरी सोडून लष्करी सेवेला बोलावल्या गेलेल्या माणसाला, सेवा संपताच, मालकाने परत घ्यायचे, आणि नोकरीत खंड पडला नसता तर ज्या अटी त्याला लागू झाल्या असत्या त्यांहून कमी प्रतीच्या अटींवर घ्यायचे नाही. नेमणूक नाकारल्यास सहा महिन्यांच्या वेतनापर्यंत भरपाईची तरतूदही त्यात आहे. सैनिकाने देशासाठी दिलेली वर्षे त्याच्या नोकरीच्या आड येऊ नयेत, हे तत्त्व आपल्या कायद्याला परके नाही. नियमित सेनेतून आलेल्याची पूर्ण ज्येष्ठता धरावी, इथपर्यंत मी जात नाही. नागरी सेवेतल्या सहकाऱ्यांवर त्याने अन्याय होईल, हे मला समजते. पण जे हक्क आज कागदावर आहेत, ते तरी त्याच्या हाती पडावेत.

हे पत्र आत्ताच लिहिण्यास दोन कारणे आहेत. केंद्रात १ जानेवारी २००४ नंतर आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर रुजू झालेल्यांना जुनी पेन्शन नाही. त्यामुळे आज लागणाऱ्या माजी सैनिकापुढे नियम १९ चा प्रश्न त्या रूपात येत नाही; त्याच्यापुढे नवा प्रश्न आहे. १ एप्रिल २०२५ पासून केंद्रात आलेल्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेत, शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन मिळण्यासाठी २५ वर्षांची सेवा लागते. त्याहून कमी सेवेला प्रमाणशीर, आणि किमान दहा वर्षांच्या सेवेला दरमहा १०,००० रुपयांची हमी. चाळिशीत रुजू होणारा माजी सैनिक साठाव्या वर्षापर्यंत वीसच वर्षे भरू शकतो. पंचवीस वर्षे त्याच्या हातातच नाहीत. तेव्हा जुन्या पेन्शनच्या जागी आलेली राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना (एनपीएस) आणि ही योजना यांतली कोणती त्याला सोयीची, याचा हिशोब विशीत लागलेल्या सहकाऱ्याच्या हिशोबाहून निराळा आहे, आणि सहकाऱ्याचे पाहून विकल्प भरणे त्याला महागात पडू शकते. दुसरे कारण अग्निपथ योजनेचे. १४ जून २०२२ रोजी ती जाहीर झाली. तिच्यातून भरती झालेल्या अग्निवीरांपैकी चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के सैन्यात कायम होतात आणि बाकीचे पंचविशीच्या आसपास घरी परततात. त्यांना पेन्शन नाही, त्यामुळे वर सांगितलेले बरेच नियम त्यांना जसेच्या तसे लागू होणार नाहीत. हे तरुण उद्या आपल्या कार्यालयांच्या टेबलांपुढे उभे राहतील, तेव्हा त्यांना काय लागू आहे आणि काय नाही, हे सांगणारा कागद आमच्या वेळेसारखा गहाळ असू नये.

माझी मागणी अगदी मर्यादित आहे आणि तिला नवा कायदा लागत नाही. माजी सैनिकाच्या नियुक्तीपत्रासोबत, मराठीत आणि हिंदीत छापलेले एक माहितीपत्रक जोडणे प्रत्येक केंद्रीय आणि राज्य कार्यालयाला बंधनकारक करावे. त्यात त्याला लागू असलेले विकल्प, प्रत्येकाची मुदत आणि मुदत चुकल्यास काय मानले जाईल, हे साध्या भाषेत असावे. ते मिळाल्याची आणि समजल्याची त्याची सही सेवापुस्तकात घ्यावी, आणि ती सही नसेल तर त्याने विकल्प दिला नाही असे मानून त्याचे नुकसान करता येऊ नये. वेतननिश्चितीचा आदेश आणि महागाई वाढीचा दाखला रुजू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत निघावा. त्याची जबाबदारी शाखेवर न सोडता कार्यालयप्रमुखावर ठेवावी. आणि जे माजी सैनिक नोकरीत असताना वारले, त्यांच्या पत्नींच्या फाइली प्रत्येक कार्यालयाने एकदा काढून २०१२ चा आदेश लागू झाला आहे की नाही, हे तपासावे. अशा फाइली एका कार्यालयात फार नसतात. एक लिपिक आठवड्याभरात ते काम करील, हे मी अनुभवाने सांगतो.

पुण्याला हे करून दाखवणे अवघड नाही. दक्षिण कमांडचे मुख्यालय येथे आहे, राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचे मुख्यालय घोरपडीत आहे, खडकी, देहूरोड, दापोडी, वानवडी या भागांत माजी सैनिकांची हजारो कुटुंबे राहतात आणि त्यांतले कितीतरी जण केंद्र आणि राज्याच्या कार्यालयांत काम करीत आहेत. पत्रक आधी येथल्या कार्यालयांत लागू करावे, त्यातल्या उणिवा दिसतील त्या दुरुस्त कराव्यात आणि मग ते राज्यभर पाठवावे.

निवृत्तीनंतर मी आणि आणखी दोन जुन्या सहकाऱ्यांनी मिळून अशा पत्रकाचा एका पानाचा मसुदा तयार केला आहे. नऊ वर्षांची सेवा कोऱ्या रकान्यात गेलेले ते गृहस्थ आता हयात नाहीत. परंतु विकल्पाचा परिच्छेद लिहिताना आम्ही त्यांचेच सेवापुस्तक डोळ्यांपुढे ठेवले होते. मसुद्याची एक प्रत सैनिक कल्याण विभागाकडे टपालाने पाठवली आहे आणि एक या पत्रासोबत जोडली आहे. आपल्या अंकात जागा होत असेल तर तो छापावा, म्हणजे या महिन्यात कोठे रुजू होणारा एखादा माजी सैनिक तो कापून आपल्या डिस्चार्ज बुकात ठेवू शकेल.

आपला नम्र,
एक निवृत्त हवालदार,
खडकी, पुणे